पुंजाबाईचा टाक

पुंजाबाई गेली तेव्हा तिच्या गळ्यात दुसऱ्याच बाईचं घासून गेलेलं तोंड होतं.

अंगणात फळी टाकून बायका तिला आंघोळ घालत होत्या. नात विमल पायांवर पाणी ओतत होती. फुलसावंगीहून पहिल्या बसने निघून, पुसदला आणि दारव्ह्याला गाडी बदलून ती बोरी अरबला पोचली होती. आजीचे भेगाळलेले पाय हाती आले आणि तिला रडू फुटलं. तेवढ्यात मोठाई, म्हणजे विमलच्या थोरल्या काकांची बायको बेबीताई, कातर घेऊन आली आणि म्हातारीच्या गळ्यातला काळा दोरा तिनं कचकन कापला.

“काय करून राह्यली मोठाई?”

“टाक काढून घेतला. घरची लक्ष्मी हाय ते. जाळाची हाय काय चितेवर?”

असं म्हणून बेबीताईनं दोऱ्यातला चांदीचा तुकडा पदराला पुसला आणि कपाळाला लावला. त्या तुकड्याला नमस्कार केला. समोर जी ओल्या अंगानं पडली होती, जिनं हिची दोन बाळंतपणं काढली, तिला केला नाही.

विमलचं रडू तिथंच थांबलं. पुढे तेरवीपर्यंत माणसं येत राहिली, गळ्यात पडून रडत राहिली, पण हिच्या डोळ्यांत पाणी म्हणून आलं नाही. राग आला की तिचं असंच होतं. अंगणवाडीत दुसऱ्यांची लेकरं सांभाळून शांत बाई म्हणून तिचं नाव झालेलं. पण शांत माणसाचा राग गोवरीच्या विस्तवासारखा असतो, वरून नुसती राख दिसते.

हा टाक काय ते आधी सांगायला हवं. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर ठोकलेली बाईची आकृती. एखाद्याची पहिली बायको मेली आणि त्यानं दुसरी केली, की मेलेलीचा टाक दुसरीच्या गळ्यात बांधायचा. नाहीतर म्हणे सवत छळते, लेकरू जगू देत नाही. आता ही चाल फारशा घरांत उरली नाही. पण पुंजाबाई आली तेव्हा होती, आणि तिची सासू चालीरीतीला इतकी कडक की देवानंही तिच्या घरात विचारून यावं. जेवायला बसलं की पहिला घास टाकापुढे. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. हळदकुंकू आधी त्याला. म्हणजे काय, तर राबायला जिवंत बाई आणि मालकीण मेलेली बाई, आणि ती मालकीण हिच्याच गळ्यात लटकलेली.

विमलचे आजोबा फकिराजी. त्यांची पहिली बायको सरस्वता बाळंतपणात गेली. मागे राहिलं ओल्या टाळूचं पोर, तेच विमलचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका नानाजी. आता हे पोर कोण वाढवणार? म्हणून नेरकडच्या एका खेड्यातून पुंजाबाईला आणलं. तिचा पहिला नवरा साप चावून गेलेला, आणि ती तेव्हा विशीचीसुद्धा नव्हती. विधवेचं लग्न लागत नसे, पाट लागे. वाजंत्री नाही, मांडव नाही, अक्षता नाहीत. कोणी तोंड पाहू नये म्हणून अंधार पडल्यावर चार माणसांत उरकायचं. आणि एकदा पाटाची म्हणून घरात आली की शुभकार्यात तिचा हात लागायचा नाही. तोच हात पोराचं हगमूत काढायला चालला, शेण काढायला चालला, कापूस वेचायला चालला. देवाला फूल वाहायला मात्र चालेना.

पुंजाबाईनं यावर कधी आरडाओरडा केला नाही. ती टाकाशी बोलायची. लहानपणी विमलला त्याची मोठी गंमत वाटे. भाकरीचा तुकडा मोडून म्हातारी गळ्याजवळ धरायची आणि म्हणायची, “घे वं सरस्वते, आंधी तू गीळ. तुयासारखी जेवनारी साऱ्या बोरीत नाही. मीठ कमी म्हनत नाही, का तिखट झालं म्हनत नाही.”

“आजी, हे कोन हाय?”

“माही मालकीन.”

“तोंडच नाही तिले.”

“माह्या अंगाले घासू घासू गेलं. वापरलं नाही ना कधी, म्हनून गेलं.”

आणि दोघी हसायच्या. आता विमलला ते हसू आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटे. हसण्यासारखं त्यात काय होतं?

नानाजीला बोलता यायला लागल्यापासून पढवलेलं की तुझी माय टाकात आहे, हिला पुंजाबाई म्हणायचं. पुढे पुंजाबाईच्या पोटी सदाशिव झाला, विमलचा बाप. एका ताटात जेवणारी दोन पोरं. धाकटा माय म्हणायचा, थोरला नावानं हाक मारायचा. थोरल्याला लहानपणी माता आल्या, अंगभर फोड. पुंजाबाई कडुनिंबाचा पाला घेऊन त्याच्या उशाशी बसली ती उठलीच नाही, तिच्या स्वतःच्या तान्ह्याला शेजारणींनी पाजलं. पोर बरं झालं. सासूनं नारळ आणला आणि फोडला कुणापुढे? टाकापुढे. “सरस्वतानं राखलं माह्या नातवाले.” मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते त्या घरानं खरं करून दाखवलं.

फकिराजी वारले तेव्हा पुंजाबाईचं मंगळसूत्र काढलं. टाक काढला नाही. नवरा गेला, सवत राहिली.

मौतीच्या घरी शेजारची जैनबबी रोज येऊन बसायची. ऐंशीच्या घरातली म्हातारी, दात नाहीत, पण बोलणं अजून चावणारं. ती पुंजाबाईची जिवाची सखी. विमलच्या पाठीवरून हात फिरवत एक दिवस ती म्हणाली, “तुह्या मोठ्याबाबाच्या लग्नाचं सांगू का तुले? वरमाय कोन, तं ते चांदीची चकती! पुंजाच्या गळ्यातून काढली, चौरंगावर मांडली, वरून शालू. व्याही-विहीन आले ते तिच्या पाया पडले. अन् पुंजा कुठं? तं चुलीमागं. धुपटानं डोये लाल झाले का रडून, अल्ला जाने. मी म्हटलं, चाल वं माह्या घरी, बैस घडीभर. तं म्हने, भात लागंन ना.”

“अन् तिनं ऐकून घेतलं?”

“मंग काय करंल? अन् हा नान्या, हा दूध कोनाचं पेला? माह्या सासूच्या बकरीचं. पुंजा रोज वाटी घेऊन ये, पोट्टं काखेत. खरं म्हटलं तं यायनं त्या बकरीचा टाक कराले पायजे होता.”

दारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. विमल हसली नाही.

तेरवी दोन दिवसांवर आली. विमल सामान आणायला दारव्ह्याला निघाली तेव्हा नानाजीनं तिला हाक मारली. सत्तरी ओलांडलेला माणूस, गावात मान, बोलणं कमी. फडक्यात गुंडाळलेला टाक त्यानं तिच्या हातावर ठेवला.

“सोनाराले दे हा. मायचं तोंड घासून गेलं. नवं ठोकून आन. तेरवीच्या दिवशी देवघरात बसवाचा हाय.”

“आन आजीचा?”

“आजीचा काय?”

“आजीचा टाक नाही बसवाचा काय देवघरात?”

नानाजीनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं देवघरात चपला ठेवायचं विचारलं. “पाटाच्या बाईचा टाक बसत नसते बाई. तिचा लग्नाचा नवरा तिकडचा. मेल्यावर ते त्याच्याकडे जाते.”

“म्हंजे जलमभर तुमच्या घरी खपली, आन मेल्यावर गेली त्याच्याकडे? ज्याचं तोंड तिले आठवत बी नव्हतं त्याच्याकडे?”

“रीत मी नाही केली.”

विमलनं बापाकडे पाहिलं. सदाशिवराव ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. मान खाली. अडकित्ता चालूच.

“जाऊ दे ना बाई,” तो म्हणाला.

साऱ्यांत जास्त राग तिला या वाक्याचा. बहुतेक हेच वाक्य ऐकत तिची आजी म्हातारी झाली. सासू बोलली, जाऊ दे. थोरला नावानं हाक मारतो, जाऊ दे. हा तिच्या पोटचा! दुसऱ्याला काय बोलावं?

जीप यायला वेळ होता. विमल मातामायच्या ओट्यापाशी थांबली. गावाच्या शिवेवर निंबाखाली शेंदूर लावलेले दगड, दर शुक्रवारी हा ओटा पुंजाबाईच झाडायची, सारवायची. मातामायनं तिला कधी विचारलं नाही की तू लग्नाची का पाटाची. विमलनं हात जोडले. “माय, तेरवीपर्यंत माही जीभ आवर. मौतीच्या घरी तमाशा नोको.”

मातामायनं ऐकलं नाही. पुढे विमलला वाटलं, बरं झालं ऐकलं नाही.

दारव्ह्याच्या सोनारानं टाक उलटासुलटा करून पाहिला. “याच्यावर तं काहीच राह्यलं नाही ताई. कोनी एवढा घातला?”

“माह्या आजीनं. हा उजळून द्या. आन असाच एक नवा करून द्या.”

“नवा कोनाचा?”

“तिचाच. जिनं घातला तिचा.”

“बरं.” त्यानं पेटीतून ठसा काढला.

“दोन्हीले एकच ठसा?”

“बाईचा ठसा एकच असते ताई. नाव तुमी मनात धराचं.”

विमल दुकानाच्या बाकड्यावर बसून राहिली. आत ठोकण्याचा आवाज येत होता, आधी एक, मग दुसरा. दोन्ही टाक हातावर आले तेव्हा तिला स्वतःलाच कळेना कोणता कोणाचा. मग त्यातल्या एकाला तिनं मनात पुंजाबाईचं नाव दिलं आणि तो आपल्या रुमालाच्या कोपऱ्यात बांधला. एवढ्याशा ठोकलेल्या पत्र्यासाठी एका बाईला जन्मभर चुलीमागे उभं केलं!

तेरवीला अंगणात मांडव टाकला. वांग्याची भाजी, वरण-भात, पुऱ्या, बुंदी. खुर्चीवर पुंजाबाईचा फोटो, झेंडूचा हार. फोटो आधारकार्डावरचाच मोठा केलेला, त्यात म्हातारी जरा घाबरल्यासारखी दिसत होती. पंगत बसली. विमलचा बापही बसला. पहिलं पान वाढून बेबीताई उठली, आणि फोटोकडे यायच्या ऐवजी आत नानाजीच्या देवघराकडे वळली. तिथं सरस्वताचा टाक नव्या चकाकीनं तबकात बसला होता.

“मोठाई, आजीचं पान हाय ना ते?”

“हे सरस्वतामायचं. आंधी तिचं, मंग पुंजाबाईचं.”

“आज तेरवी कोनाची हाय?”

“तेरवी कोनाची बी असो. रीत ते रीत.”

विमलनं पुढे होऊन तिच्या हातातलं पान घेतलं. हिसकावलं म्हटलं तरी चालेल, कारण थोडं वरण बेबीताईच्या साडीवर सांडलं. पान नेऊन तिनं फोटोपुढे ठेवलं. पंगतीतले हात थांबले.

“जलमभर दुसऱ्या नंबरनं जेवली,” विमल म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. “सोताच्या तेरवीले तं पयलं जेवू द्या तिले.”

नानाजी उठला. “विमल, पावने बसले हायत.”

“बसू द्या. त्यायच्यासमोरच बोलाचं हाय.” तिनं रुमालाची गाठ सोडली आणि टाक हातावर धरला. “हा आजीचा. तुमच्या मायच्या बाजूले बसवा. गळ्यात घेऊन फिरली ना तिले, आता शेजारी बसंल तं काय जाते?”

“सांगतलं ना तुले. ते पाटाची होती.”

“तुमाले माता आल्या तवा पाटाची नव्हती? रोज बकरीचं दूध आनाले गेली तवा नव्हती?”

“ते मी नाही म्हनत नाही. केलं तिनं माह्यासाठी.”

“मंग टाक राहू द्या. नका बसवू. फक्त एकडाव तिले माय म्हना. इथं, साऱ्यायच्या समोर. फोटोकडे पाहून म्हना.”

नानाजी फोटोकडे वळला. त्याचे ओठ हलले. विमलला क्षणभर वाटलं, निघतो शब्द. पण तो परत तिच्याकडे फिरला आणि म्हणाला, “मले तसं कोनी शिकवलंच नाही.”

“नातवाईचे लग्न झाले तुमच्या. आता तं शिका!”

“तो टाक या देवघरात येनार नाही,” नानाजी म्हणाला. “मी जित्ता हाव तोवर नाही.” आणि तो आत निघून गेला. बेबीताईनं नवं पान घेतलं आणि साडीवरचं वरण झटकत दुसऱ्यांदा वाढायला बसली.

पंगतीतून कुणीतरी हळूच म्हणालं, “जेवू द्या बाप्पा आता, वरन थंडं होऊन राह्यलं.”

मग विमल बापाकडे वळली. सदाशिवरावाचा घास हातातच होता.

“बाबा, वावर वाटलं. ढोरं वाटले. घरामधून भित घातली, विहिरीचं पानी बी वाटलं तुमी दोघायनं. देव काऊन नाही वाटले?”

“देव मोठ्याकडेच असते बाई.”

“मंग तुमची माय कुठं ठेवू मी? पर्समधी नेऊ फुलसावंगीले? तिथं माह्या सासूच्या देवात ठेवू? तिचा एक लेक हाय ना जित्ता?”

“विमल, जाऊ दे...”

“नाही जाऊ देत! तुमी जाऊ देल्लं, म्हनून ते गेली!”

बापाशी ती जन्मात अशी बोलली नव्हती. सदाशिवरावानं हातातला घास पानात ठेवला. भरल्या पानावरून उठू नये असं पुंजाबाईनंच त्याला शिकवलं होतं, ते विमललाही ठाऊक होतं. तो उठला. मांडवाच्या कडेला जाऊन त्यानं हात धुतले, धोतराला पुसले, आणि लेकीपुढे येऊन हात पसरला.

“आन इकडे.”

टाक घेऊन तो आपल्या बाजूच्या खोलीत गेला. विमल मागोमाग. त्या खोलीत देवघर नव्हतंच कधी. तांदळाच्या कोठीवर एक जुनी फळी पडली होती, ती त्यानं झटकली. खिळे शोधायला लागला. दारात जैनबबी येऊन उभी राहिली, तिच्या पाठीमागे नानाजी.

“एका टाकाचं देवघर असते काय रे सद्या?” नानाजीनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं.

“मले एकच माय होती,” सदाशिवराव म्हणाला.

नानाजी आपल्या बाजूला निघून गेला. जैनबबी मात्र आत येऊन कोठीला टेकून बसली. “पूर्वेकडं तोंड कर रे बाप्पा तिचं,” ती म्हणाली. “सकाळचं ऊन लागते तिले. गुडघे धरते.”

“आता आठवलं तुमाले, बाबा?” विमल म्हणाली. तिचा राग उतरला नव्हता. आता बाप चांगलं वागत होता म्हणून तो उलट वाढला. “ते जित्ती होती तवा एक फळी ठोकता आली नाही? तिनं पाह्यलं असतं ना. खुश झाली असती.”

सदाशिवरावानं खिळे आणि हातोडी काढली. पूर्वेकडे तोंड करायचं तर फळी लागत होती मधल्या भिंतीवर, दोघा भावांनी वाटणीत घातलेल्या. तिच्या पलीकडे नानाजीचं देवघर. विमलनं फळी धरली. बापानं खिळा टेकवला आणि हातोडी मारली. खिळा वाकला. दुसरा घेतला.

पलीकडून बेबीताईचा आवाज आला, “अहो, हळू ठोका ना! इकडं देव हालून राह्यले!”

सदाशिवरावाची हातोडी हवेतच राहिली. सवयीनं त्यानं मान खाली घातली.

मग नानाजीचा आवाज आला, जाड, दबलेला. “सद्या, भित अर्धी माही बी हाय.”

“ठोका बाबा,” विमल म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं.

“ठोका म्हन्ते ना!”

आणि त्यानं ठोकला. पहिल्यापेक्षा जोरात, मग आणखी जोरात, पलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला तरी थांबला नाही.